मागच्या सीटवर सांडलेलं पाणी

पाळी, डिचोली
३ मार्च २०२५

ती. आत्या,

पाया पडतो, लांबूनच.

तुझं कानातलं यंत्र पुन्हा डब्यात गेल्याचं परेशकडून कळलं. शेजारधर्म म्हणून तो बिचारा फोन लावून देतो, मी इकडून बोंब मारतो, आणि तू "जेवलास काय?" एवढंच विचारून ठेवून देतेस. म्हणून पत्र. माझं अक्षर तूच गिरवून घेतलंयस, तेव्हा वाचायला त्रास होणार नाही. केरीला तुझ्याकडे राहून शाळा शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग.

बातमी अशी की आपण मोठी गाडी घेतोय. तीन रांगांची. मे महिन्यात सावंतवाडीला पूजाचं लग्न आहे, आईच्या भाचीचं. मागच्या लग्नाला आम्ही छोट्या गाडीत कोंबून गेलो आणि तू पिशवी सांभाळत बसने आलीस. पोचलीस तेव्हा पंगती उठल्या होत्या. ते मला अजून खातं.

आता दोन गाड्यांवर घोडं अडलंय. नावं सांगून तुला काय कळणार, रंगावरून ओळख. एक पांढरी, एक लाल. पांढरीत मधल्या रांगेत सलग बाक आहे, तिघं बसतात. मागे दोघं. म्हणजे एकूण सात. पण मागे जायला किंवा यायला मधल्या माणसाला उतरून बाक दुमडावा लागतो. लाल गाडीत मधे दोन सुट्या खुर्च्या, दोन्हींच्या मधून मागे जायला वाट. ऐसपैस काम, पण माणसं सहाच. बाबा म्हणतात लाल, कारण ती उंच आहे आणि आपल्या खाणीकडच्या रस्त्यांना पोट घासणार नाही. तुझी सूनबाई सिद्धी म्हणते पांढरी, कारण तिला छपरात काच आहे. मी रोज जेवण झालं की लोकांचे व्हिडिओ बघतो. एक म्हणतो लाल, दुसरा म्हणतो पांढरी, आणि दोघंही मला मूर्ख समजून बोलतात.

माझं मत पांढरी. का, तर सातवी सीट तुझी. नाहीतर सात जणांची गाडी घ्यायची कशाला?

सोळा तारखेला रविवारी पांढरी घेऊन केरीला येतो. शोरूममधला अमोल माझा वर्गमित्र, तो संध्याकाळपर्यंत गाडी विश्वासाने देतोय. तू बसून बघ आणि खरं काय ते सांग.

तुझा
गौरेश

*

केरी, पेडणे
८ मार्च

चि. गौरेश,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक अकलेसाठी.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. गाडीचं कोणी काही म्हणून ठेवलं नाही, म्हणून तुम्ही लोक असे वेड्यासारखे व्हिडिओ बघत बसता. अरे, मी जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले. कापड कितीही झकास असू दे, हात वर करता आला नाही तर ते ब्लाउज ट्रंकेत जातं. गाडीचंही तेच. छपराला काच आहे म्हणतोस, मग वर बघत जायचं आहे की पुढे?

पण खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. सातवी सीट तुझी, हे वाक्य मी परेशच्या आवशीला दोनदा वाचून दाखवलं. तिचा थोरला मुलगा दुबईला आहे, त्याने तिला अजून सायकलची सीटसुद्धा दिलेली नाही.

या सगळे. पोदेराला सांगून पावाचे उंडे जास्त घेते आणि खतखतं करते. फक्त गाडी फेरीबोटीवर चढवून खाडीपलीकडे तेरेखोलला जायचा हट्ट तुझा बाप धरेल, त्याला आत्ताच सांग. त्या रविवारी पुनव होऊन दोन दिवस झालेले असणार, संध्याकाळची ओहोटी खोल. बोट रेतीवर बसते. गोकुळ केरीत जन्मला, पण खाणीत नोकरी करून समुद्र विसरला.

तुझी
कमलआत्या

*

पाळी
१८ मार्च

ती. आत्या,

खतखत्याची चव अजून जिभेवर आहे. आईने डबा भरून आणलेला दुसऱ्या दिवशी मी एकट्याने संपवला.

तू म्हणालीस तेच झालं. बाबांनी ऐकलं नाही, आणि बोट मधेच रेतीवर बसली. होळी-शिगम्याच्या सुट्टीला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी अशा चिकटलेल्या की आपलं एक दार उघडेल तर शपथ! बाबा पुढे माझ्या शेजारी बसून खलाशाला शहाणपण शिकवत होते, मधे आई, सिद्धी आणि आमची गौरवी, मागे तू आणि धाकटा साईश. बोट रेतीतून सुटेपर्यंत सगळे उकडून निघालो. एसीची हवा मागे पोचत होती का गं? ते विचारायचं राहिलंच.

आणि तुझी आंघोळ! मी अजून आठवून हसतो. पैलतीरी लागलो, आईने उतरून बाक दुमडला, आणि तू आतून ओरडलीस, "अगो बाय, माझ्या हातून पाणी सांडलं!" पूर्ण बाटली, आत्या! साडी, सीट, खाली चटई, सगळं चिंब. बाबा म्हणाले, तेरेखोलला येऊन कमलने तीर्थस्नान केलं. साईश घरी सारखी तुझी नक्कल करतो, बाटली घेऊन. मनाला लावून घेऊ नकोस, पाणीच ते, सुकलं. सिद्धीने गाडी परत द्यायच्या आधी सीट पुसून काढली.

तू मात्र नंतर गप्प झालीस. किल्ल्यावरही आली नाहीस, खालीच उन्हात उभी राहिलीस. दमलीस का?

बरं, तर पांढरी चढावर छान चढली. सिद्धीचं नक्की झालंय. बाबा अजून लाल धरून बसलेत, आणि शेवटी म्हणाले, देवाला विचारू. मूळ देव केरीचा, तेव्हा तूच देवळात जाऊन कौल लाव. मधुकर गुरवाला सांग, गाऱ्हाणं घाल. मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली तर पांढरी, डावी पडली तर लाल. हसू नकोस. गाडीसाठी देवाला उठवणं मलाही पटत नाही, पण घरात शांतता हवी असेल तर दुसरा इलाज नाही.

गौरेश

*

केरी
२५ मार्च

चि. गौरेश,

कौल लावला. डावी पडली. लाल घ्या.

लाल गाडीत सहाच बसतात हे मला ठाऊक आहे. माझी काळजी करू नका. कोंबड्यांना सोडून मला कुठे जाता येत नाही, गुडघेही धरतात, आणि या वयात लग्नं बघून मला काय करायचंय? पूजाला आहेर परेशकडून पाठवीन.

लाल गाडी दाखवायला इकडे आणू नको. मी बसणार नाही. पांढरीतही नाही.

देवाने सांगितलंय तेव्हा सिद्धीने वाईट वाटून घेऊ नये. मधे वाट असलेली गाडी बरी. उद्या तुझ्या आईचे, सुलोचनेचे गुडघे गेले म्हणजे तिलाही उतरायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागणार नाही.

कमलआत्या

*

पाळी
२ एप्रिल

आत्या,

काल कामासाठी पेडण्याला आलो होतो. बाजारात मधुकर गुरव भेटला. मी त्याला म्हटलं, आमच्या कौलाचे तुला कष्ट पडले. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाला, कमलबाय देवळात आलेलीच नाही. शिगम्यानंतर एकदाही नाही. सोमवार चुकवत नाही ती, म्हणून मीच तुम्हाला विचारणार होतो, बरी आहे ना?

आत्या, देवाच्या नावावर खोटं?

इकडे आम्ही तुझ्या शब्दावर काय केलं ते ऐक. बाबांनी देवापुढे दिवा लावला. सिद्धीने पांढरीचा विषय मिटवला. मी अमोलला लाल बघायला येतो म्हणून कळवलं. आणि तू देवळाची पायरीसुद्धा चढली नव्हतीस!

मी खूप विचार केला. मला एकच कारण सुचतं. पांढरी सिद्धीने पसंत केली म्हणून तुला ती नको. लग्न होऊन आली तेव्हापासून तुझं तिच्याशी जमलं नाही, हे काय मला दिसत नाही? तिने चहा केला तर गोड, भाजी केली तर तिखट. पण मी तुझी सीट मोजून गाडी शोधत होतो गं. दोन महिने. आणि तू ती सीटच पायाने ढकललीस.

आई म्हणाली, असं लिहू नको. मी लिहितोय. कारण काय ते सांग, नाहीतर समजेन की कारण मी लिहिलं तेच आहे.

गौरेश

*

केरी
७ एप्रिल

चि. गौरेश,

खोटं बोलले. देवाचं मी बघून घेईन. तू लिहिलंस ते कारण नाही. खरं कारण तुला सांगण्यासारखं नाही, आणि पुन्हा विचारू नको. तुला हवी ती गाडी घे, सुखाने फिरा.

कमल

*

पाळी
१० एप्रिल

ती. आत्याबाईंना,

सिद्धीचा नमस्कार. मी तुम्हाला पत्र लिहितेय हे घरात कोणाला ठाऊक नाही. परेश कामाला इकडे आलाय, त्याच्या हाती बंद पाकीट देतेय. वाचून झालं की चुलीत घाला.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला काल कळलं. मी त्यांना फाडफाड बोलले, पण कारण सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हे.

आत्याबाई, मला त्याच दिवशी कळलं होतं.

बोटीवर तुम्ही मागून माझ्या खांद्याला हात लावलात. हळू म्हणालात, "गो, मला उतरायचं हाय." मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नंतर दुसऱ्यांदा हात लावलात, तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढत होते. तिसऱ्यांदा लावला नाहीत. पैलतीरी तुम्ही बाटली उपडी करताना मला दिसलात. सगळे हसले, आणि मीही हसले. मी हसले नाही तर सगळे निरखून बघतील, असं मी स्वतःला सांगते. पण खरं सांगू? माझी छातीच झाली नाही. त्या क्षणी मी हसणाऱ्यांत राहणं पसंत केलं. मला त्याची इतकी लाज वाटते की तुमच्या पत्रांवरचं अक्षर बघितलं तरी मान खाली जाते.

मला कसं कळलं म्हणाल. साईशच्या बाळंतपणापासून माझंही तसंच आहे. शिंकले, जोरात हसले, जिना धावत चढले की संपलं. मी पर्समध्ये जादा कपडा ठेवते. ह्यांना माहीत नाही, आईंना नाही, डॉक्टरलाही नाही. मी बत्तीस वर्षांची होते तेव्हा सुरू झालं. तेव्हा मला वाटलं होतं, धरणीने पोटात घ्यावं. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय.

मला कोणाच्याही आधी समजायला हवं होतं. नेमकी मीच पाच मिनिटं म्हणाले.

तुमची
सिद्धी

*

केरी
१५ एप्रिल

चि. सौ. सिद्धीस,

पत्र चुलीत घातलं. घालायच्या आधी चार वेळा वाचलं, आणि रडले. नाक पुसलं, चहा केला, मग हे लिहायला बसले.

बाय, इतकी वर्षं मला वाटत होतं तू नाकाने कांदे सोलणारी आहेस. हसायची नाहीस, जिना सावकाश चढायचीस. मी म्हणायचे, बघा, शहरात शिकलेली, राणीसारखी चालते. मेल्या जिभेला हाड नाही ते खरंच.

आता माझंही ऐक. मी बाहत्तर वर्षांची बाई. नवरा गेला तेव्हा रडले नाही. बारा गावच्या बायका माझ्याकडे शिवायला यायच्या आणि घरची लक्तरं माझ्यापुढे मांडायच्या, मी कोणाची गोष्ट बाहेर नेली नाही. सगळ्यांची झाकली. आणि माझी स्वतःची नातवाच्या मांडीला मांडी लावून अशी झाली! साईश माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, गरम आहे." तेव्हा बाटलीचं टोपण फिरवलं. ती युक्ती माझी जुनीच आहे, कुठची ते विचारू नको. खाली उन्हात उभी राहिले ती साडी सुकवायला. वर किल्ल्यावरून तुम्हा सगळ्यांचं हसणं वाऱ्याने खाली येत होतं. बहिरी झाले म्हणतात, पण ते बरं ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं गो.

तेव्हापासून देवळात जाववत नाही. वाटतं, चारचौघींत पुन्हा झालं तर? म्हणून कौलाचं खोटं सांगितलं. लाल गाडी घेतली की माझी सीटच उरत नाही, कोणाला कारण द्यायला नको. आणि मधे वाट असली तर माझ्यानंतर कोणी तिथे अडकणार नाही. एवढाच हिशोब होता.

तुझ्यावर राग नाही. पाच मिनिटं कोणीही म्हणतं. पण तू डॉक्टरकडे जा. माझं वय झालं, तुझं कुठे? लाजेसाठी जन्म काढू नको, मी काढला तेवढा पुरे.

गौरेशला मात्र सांगू नको. त्याच्यापुढे मला हे सोसणार नाही. तो माझ्या हातावर वाढलेला पोर आहे.

तुझी
कमलआत्या

*

पाळी
२१ एप्रिल

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

गेल्या गुरुवारी बाबांचे मित्र घरी आले होते. बाबा रंगात येऊन तेरेखोलच्या तीर्थस्नानाची गजाल सांगायला लागले. साईश बाटली घेऊन धावला. सिद्धी ताटावरून उठून आत गेली. मी विचारायला गेलो तर म्हणाली, "मला काही विचारू नका, फक्त त्यांना थांबवा." मी बाहेर आलो तेव्हा साईश तुझ्या आवाजात ओरडत होता, "अगो बाय, माझ्या हातून पाणी सांडलं!"

आणि मला तुझं केरीचं घर दिसलं. खोलीच्या वारा येणाऱ्या जनेलाखाली माझी गोधडी. आईबाबांपासून दूर, नवी शाळा, आणि सकाळी उठलो की गोधडी ओली. इतका मोठा मुलगा. शेजारची पोरं मला शाळेला न्यायला दारात उभी असायची. तू आत यायचीस, एकदाच बघायचीस, आणि उशाशी ठेवलेला तांब्या माझ्या अंथरुणावर लवंडायचीस. मग बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "अगो बाय, माझ्या हातून पाणी सांडलं!" पोरं तुला हसायची. म्हणायची, गौरेशची आत्या वेंधळी आहे. मीही त्यांच्यात हसायचो. तू मला कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. अख्खं पहिलं वर्ष.

तेच वाक्य, आत्या. शब्द न् शब्द तेच. मी पुढच्या सीटवरून ऐकलं आणि हसलो. पत्रात लिहून पुन्हा हसलो. वर तुला विचारलं की देवाच्या नावावर खोटं का बोललीस. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तू काही उत्तर देऊ नकोस. मी काही विचारत नाही. सिद्धीने मला काही सांगितलेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

गाडीचं तेवढं कळवतो. शनिवारी सिद्धीने बाबांना शोरूममध्ये नेलं आणि म्हणाली, बाबा, जरा मागच्या रांगेत बसून बघा. बसले. मग ती दार लावून, बाक सरळ करून चहा प्यायला निघून गेली. दहा मिनिटांनी अमोलने हात धरून त्यांना बाहेर ओढलं तेव्हा धोतर सुटायच्या बेताला आलं होतं. बाबा त्यानंतर तीर्थस्नानाचं नाव काढत नाहीत.

सात जण हवेत म्हणून लाल बाद झाली, पांढरीसारखीच घेतली. पण पांढरा रंग सिद्धीने नको म्हटला. निळी घेतलीय. पोरं मागे, ती माकडासारखी उड्या मारून येतात-जातात. मधे आईबाबा आणि सिद्धी. पुढची सीट, माझ्या शेजारची, दाराजवळची, तुझी. तू नुसता माझ्या हाताला हात लाव, मी भर रस्त्यात गाडी थांबवीन. मागून कोणी कितीही भोंगे वाजवू दे.

येत्या रविवारी गाडी घेऊन येऊ? तू नाही म्हणालीस तर ती सीट रिकामी ठेवून लग्नाला जाऊ. तिथे दुसरं कोणी बसणार नाही.

तुझाच
गौरेश

*

केरी
२४ एप्रिल

चि. गौरेश,

येत्या रविवारी अमावास्या आहे, मूर्खा. अवसेला नवी गाडी घेऊन कोण बाहेर पडतं? बुधवारी अक्षय तृतीया आहे, त्या दिवशी ये. बोटीने नको, संध्याकाळी पुन्हा ओहोटी असणार. तेरेखोलला जायचंच असेल तर आरोंद्याच्या पुलावरून जाऊ. गोकुळ काही बोलला तर त्याला मागच्या रांगेची आठवण करून दे.

तांब्याचं तू विसरलास असं मी धरून चालले होते. विसरायलाच हवं होतंस. त्यासाठीच तर मी पाणी ओतायचे.

सिद्धीला सांग, तिच्यासाठी दोन मऊ सुती साड्या फाडून कपडे शिवून ठेवलेत, पिशवीसकट. कसले ते तिला कळेल. तू विचारू नको.

आज सकाळी देवळात गेले. मधुकरला म्हटलं, पाकळ्या लाव. गाऱ्हाणं मीच घातलं. म्हटलं, देवा महाराजा, तुझ्या नावावर खोटं बोलले, त्याची काय ती शिक्षा दे, पण पोराच्या शेजारी पुढे बसू की नको एवढं सांग. बराच वेळ काही पडेना. मधुकर म्हणाला, कमलबाय, उद्या बघू. मी म्हटलं, मी थांबते, मला घाई नाही.

उजवी पडली. या वेळी खोटं नाही. हवं तर मधुकरला विचार.

तुझी
कमलआत्या